बंद पेटीची बाजू

घरच्या घरी होम थिएटरसाठी सब-वूफर बनवायचं ठरलं की बहुतेक जण आधी वूफर विकत आणतात, मग ॲम्प्लिफायर, आणि पेटीचा विचार सुताराकडे गेल्यावर करतात. तिथे सुतार विचारतो, "पाईप टाकायचा का?" आणि पाईप असलेली पेटी जास्त वाजते हे सगळ्यांनीच ऐकलेलं असल्यामुळे उत्तर हो असंच येतं. हा क्रम उलटा हवा, असं मला ठामपणे वाटतं. आधी खोली पाहावी, मग पेटी ठरवावी आणि त्या पेटीला मानवेल असा वूफर शोधावा. छत्रपती संभाजीनगरातला औरंगपुरा डोळ्यांसमोर आणा. सरस्वती भुवनच्या आसपासच्या गल्ल्या, गुलमंडीकडे आणि पैठण गेटकडे जाणारे रस्ते, जुनी घरं आणि काही घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती. टीव्ही आणि स्पीकर मांडायला मिळते ती खोली दहा बाय बाराची, फार तर बारा बाय पंधराची. भिंती विटांच्या, वर आरसीसी स्लॅब, खाली फरशी. अशा खोलीसाठी पन्नास लिटरच्या आसपासची, कुठेही भोक नसलेली बंद पेटी ही सर्वांत शहाणी निवड आहे. मोठ्या, पाईपवाल्या पेटीचा जो सल्ला सगळीकडे मिळतो, तो वेगळ्या प्रकारच्या घरांतून आलेला आहे.

मुळात पेटी लागते कशाला? वूफरचा कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा इतक्या लांब असतात की (२० हर्ट्झची लाट १७ मीटरची) मागची विरळ हवा कोनाला वळसा घालून पुढच्या दाबाला खाऊन टाकते. नुसता वूफर हातात धरून वाजवला तर बास ऐकू येत नाही तो यामुळे. पेटीचं पहिलं काम मागची लाट अडवण्याचं. पुढचा प्रश्न हा की अडवलेल्या लाटेचं करायचं काय? बंद पेटीत ती कोंडूनच ठेवतात आणि आतली हवा कोनामागे स्प्रिंगसारखी राहते. पाईपवाल्या पेटीत, म्हणजे बास रिफ्लेक्समध्ये, तिला कामाला लावतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक स्वर निघतो, तसाच पेटीतल्या हवेचा आणि पाईपमधल्या हवेचा मिळून एक स्वर असतो. त्या स्वराच्या आसपास कोन जवळपास स्थिर राहतो आणि आवाज पाईप देतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या आल्बर्ट थुरास यांना या रचनेचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. कल्पना सुंदर आहे यात वाद नाही. बँडपास, हॉर्न, ट्रान्समिशन लाईन असे आणखी प्रकार आहेत, पण पहिल्या सब-वूफरसाठी ते बाजूला ठेवावेत. २५ हर्ट्झची पाव लाटसुद्धा जवळपास साडेतीन मीटर भरते, आणि ट्रान्समिशन लाईनमध्ये तेवढी वाट घड्या घालून पेटीत बसवावी लागते.

बंद पेटीला मान मिळाला तो १९५४ नंतर. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हेन्री क्लॉस यांच्यासोबत ॲकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ नावाचा स्पीकर बाजारात आणला. त्याआधी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. विल्चर यांचं म्हणणं असं की कोनाला धरून ठेवणारी कापडाची आणि रबराची झालर ही फार प्रामाणिक स्प्रिंग नसते. ती ताणली गेली की तिचा जोर हालचालीच्या प्रमाणात राहत नाही. कोंडलेली हवा त्या मानाने कितीतरी सरळ वागते. तेव्हा झालर मुद्दाम सैल ठेवा, पेटी लहान करा आणि हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्या. छोट्या पेटीतून खोल आणि स्वच्छ खर्ज निघू लागला, त्याची किंमत मात्र वॅटमध्ये मोजावी लागली. पुढे केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वीज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. विल्चर यांच्या काळात व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधून एकेक वॅट काढणं महाग होतं. आज क्लास डी प्रकारचे शेकडो वॅटचे बोर्ड वूफरपेक्षा कमी किमतीत मिळतात. म्हणजे तिघांपैकी जी गोष्ट सोडायची, तीच आता सगळ्यात स्वस्त आहे. जागा मात्र, विशेषतः जुन्या शहरात, स्वस्त झालेली नाही.

आता खोलीकडे येऊ, कारण माझा सगळा भर तिच्यावर आहे. बारा इंची वूफरच्या कोनाचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर असतं. तो एक सेंटिमीटर पुढे सरकला तर अर्धा लिटर हवा ढकलतो. हा वूफर मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवून २० हर्ट्झचा स्वर पूर्ण जोराने वाजवला, तर तीन मीटरवर गणिताने सुमारे ८५ डेसिबल मिळतात. त्या स्वराची नुसती चाहूल लागायलाच माणसाच्या कानाला ७८ डेसिबलच्या आसपास लागतात. म्हणजे मैदानात हा वूफर जेमतेम ऐकू येईल. तोच दहा बाय बारा बाय दहा फुटांच्या पक्क्या खोलीत आणा. खोलीत ३४ हजार लिटर हवा आहे आणि २० हर्ट्झची लाट खोलीपेक्षा इतकी मोठी आहे की ती खोलीत पसरतच नाही. अख्खी खोली एकाच वेळी दाबली जाते आणि सैल होते. या स्थितीत अर्धा लिटर हवेचा दाब सुमारे ९७ डेसिबल भरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या हिशोबात स्वराची उंची कुठेच येत नाही, त्यामुळे १५ हर्ट्झलाही उत्तर तेच. मैदानाच्या तुलनेत २० हर्ट्झला १२ डेसिबल, म्हणजे ॲम्प्लिफायरची सोळापट ताकद, खोलीने फुकट दिली. दाराखालच्या आणि खिडकीच्या फटींतून यातला काही वाटा निसटतो, हे खरं. पण नऊ इंची विटांची भिंत दर चौरस मीटरला ४०० किलोंहून जड असते. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी लावलेला जिप्सम बोर्ड वीस किलोंच्या आसपास भरतो. तिथली भिंत खर्जाला सोडून देते, आपली अडवून धरते. त्यातून तिथला हॉल स्वयंपाकघराला आणि जिन्याला उघडा असतो. त्या घरांसाठी लिहिलेला सल्ला त्या घरांसाठी बरोबर आहे.

ही फुकटची मदत कुठून सुरू होते? खोलीच्या सर्वांत लांब बाजूच्या पहिल्या अनुनादाच्या खाली. बारा फुटांसाठी तो ४७ हर्ट्झला येतो. त्याखाली दर सप्तकाला खोली तत्त्वतः १२ डेसिबल चढ देते. आणि बंद पेटीचा आवाज तिच्या स्वतःच्या अनुनादाखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. एक चढतो, एक उतरतो, दोघांचा उतार सारखा. दोघांचे आरंभबिंदू जवळ आणले की खोलीत बसलेल्या माणसाला खर्ज जवळपास सपाट ऐकू येतो. हे जुळवणं अवघड नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये वूफरचं वागणं मोजक्या आकड्यांत बांधून दिलं, आणि चांगल्या वूफरच्या माहितीपत्रकावर आज तेच आकडे छापलेले असतात. उदाहरणादाखल, मोकळा अनुनाद २५ हर्ट्झ, क्यू (अनुनाद किती मोकाट आहे हे सांगणारा आकडा) ०.४० आणि झालरीचा सैलपणा १०० लिटर हवेइतका असलेला बारा इंची वूफर घ्या. त्याला ४७ लिटरची बंद पेटी दिली तर क्यू ०.७१ वर येतो, जो सपाट आणि आटोपशीर खर्जासाठी आदर्श मानला जातो, आणि अनुनाद ४४ हर्ट्झवर. ४४ आणि ४७. बाहेरून सोळा इंचांचा चौकोनी ठोकळा, सोफ्याशेजारी मावेल असा.

याच वूफरला पाईपवाली पेटी द्यायची तर आतली मोकळी जागा १०० लिटर धरू आणि पाईपचा स्वर २५ हर्ट्झ. प्लंबिंगच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाईप घेतला तर तो सुमारे ३३ सेंटिमीटर लांब लागतो आणि पेटीत सहज बसतो. पण मोठ्या आवाजात एवढ्या तोंडातून हवा इतक्या वेगाने आत-बाहेर करते की स्फोटाच्या प्रसंगात फसफस ऐकू येते. म्हणून सहा इंची घ्या. तोंड दुप्पट झालं, पण तोच स्वर राखायला लांबी ७४ सेंटिमीटर झाली. पाईपने आणि वूफरने व्यापलेली जागा धरून पेटी १२५ लिटरची करावी लागते, म्हणजे आतून अर्धा मीटरचा घन, आणि तरीही पाईप सरळ मावत नाही, कोपर लावून वळवावा लागतो. एवढं सगळं करून मैदानात २५ हर्ट्झपर्यंत सपाट असलेला आवाज आपल्या खोलीत मात्र ४७ च्या खाली चढत जातो आणि २५ ला ११ डेसिबलपर्यंतचा फुगवटा तयार होतो. त्याच्याही खाली दोन धोके एकत्र येतात. आवाज सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो, आणि कोनामागची हवेची स्प्रिंग नाहीशी होते. चित्रपटात २० हर्ट्झच्या खालचे हादरे अनेकदा असतात. ते आले की कोन आवाज न करता नुसता वेड्यासारखा हलतो आणि कॉइल मागच्या लोखंडावर आपटू शकते. यावर सबसॉनिक फिल्टर हा उपाय आहे, पण स्वस्त बोर्डांवर तो असेलच याची खात्री नाही.

इथे जाणकार माणूस एक रास्त आक्षेप घेईल. फुगवटा आला तर काय बिघडलं? इक्वलायझरने तो कापा, वूफरवरचा ताण तेवढा कमी होईल, विकृतीही घटेल. हे खरं आहे, आणि बंद पेटीच्या बाजूने बोलणारे ते बऱ्याचदा लपवतात. प्रश्न इतकाच की ती वाचलेली ताकद आपण वापरणार आहोत का. चित्रपटगृहाच्या प्रमाण पातळीवर खर्जाच्या स्वतंत्र चॅनेलचं शिखर ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतं. शेजाऱ्याशी भिंत सामायिक असलेल्या घरात त्या पातळीला कोणी चित्रपट पाहत नाही, पाहू नये. त्याहून २० डेसिबल खाली, म्हणजे ९५ ला, दहा बाय बाराच्या खोलीत अंगावर काटा येतो, आणि एक बारा इंची बंद वूफर कागदावर ९७ पर्यंत पोहोचतोच. लागणार नाही अशा ताकदीसाठी अडीचपट मोठी पेटी करणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप कानाचा आहे. गणेश विसर्जनाची मिरवणूक गुलमंडीवरून औरंगपुऱ्याकडे येते तेव्हा डीजेच्या भिंतीसमोर छातीत जो ठोका बसतो, तो बंद पेटीत नाही, असं तरुण मंडळी सांगतात. बरोबर आहे. डीजेचे बॉक्स उघड्या रस्त्यासाठी असतात. तिथे खोलीची मदत शून्य, म्हणून त्यांची रचना ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात जास्तीत जास्त जोर काढण्यासाठी केलेली असते. त्याखाली काही नसलं तरी ढोल आणि बीट पुरेसे वाजतात. हाच बॉक्स खोलीत आणला की त्याचा जोराचा पट्टा आणि खोलीचे अनुनाद एकावर एक पडतात. आपल्या उदाहरणातली खोली दहा फूट रुंद आणि दहाच फूट उंच आहे, त्यामुळे ५६ हर्ट्झला दोन अनुनाद एकत्र येतात, ४७ चा वेगळाच. मग प्रत्येक स्फोट, प्रत्येक तबल्याचा डग्गा आणि प्रत्येक गिटार एकाच "धम्म"मध्ये विरघळतात. ठोका मिळतो, पण सगळ्याचा सारखाच. शिवाय आधी जे वाजलं त्याची शेपूट पुढच्या आवाजात मिसळते. घरी चित्रपटासोबत गाणीही ऐकायची असतील, आणि आपल्याकडे ती ऐकतातच, तर हा तोटा रोज जाणवेल.

तिसरा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो, आणि तो मे महिन्याचा आहे. संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो, आणि कूलरला खिडकी किंवा दार उघडं ठेवावंच लागतं. खिडकी उघडली की खोलीचा दाब टिकत नाही आणि वर मांडलेल्या १२ डेसिबलांतला मोठा हिस्सा बाहेर जातो. त्यात बंद पेटीला जास्त वॅट लागतात आणि कॉइल तापते. तांब्याचा विरोध १०० अंशांच्या वाढीमागे जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो आणि आवाज तेवढा दबतो. कूलरच्या मोसमात बंद पेटी पातळ वाटेल, हे आधीच मान्य करून टाकावं. माझ्या मते ही तडजोड चालण्यासारखी आहे, कारण कूलरच्या घरघरीत २० हर्ट्झचे बारकावे तसेही ऐकू येत नाहीत. ज्यांची खोली बाराही महिने उघडी असते, किंवा हॉल मोठा असून जिन्याला लागून आहे, त्यांनी मात्र पाईपवालीच पेटी करावी आणि सबसॉनिक फिल्टर आठवणीने लावावा. ०.३० हून कमी क्यूचा वूफर आधीच घेऊन ठेवला असेल तरीही तेच. तो बंद पेटीत खोल जात नाही. उलट गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारे बरेच सब-वूफर छोट्या बंद पेटीसाठीच बनवलेले असतात, कारण गाडीची केबिन ही आपल्या खोलीहूनही लहान, बंद खोली असते. माहितीपत्रकावर थील-स्मॉलचे आकडे नसतील तर तो वूफर घेऊ नये, दुकानदार मॅग्नेट कितीही मोठा दाखवो.

हाताने बनवायच्या वस्तूसाठी बंद पेटीचा सर्वांत मोठा गुण चुकीला क्षमा हा आहे. सुताराच्या मापात फरक पडून ४७ ऐवजी ४२ लिटर झाले तर क्यू ०.७१ वरून ०.७४ वर जातो, ५२ झाले तर ०.६८ वर येतो. कानाला यातला फरक कळणार नाही. पाईपवाल्या पेटीत असाच गोंधळ झाला तर पाईपचा स्वर सरकतो आणि पाईप कापून किंवा जोडून, मोजून, परत कापून तो जागेवर आणावा लागतो. बंद पेटीत एकच गोष्ट कडक हवी, ती म्हणजे हवा कुठूनही सुटता कामा नये. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय, सांध्यांना भरपूर फेविकॉल आणि स्क्रू, आत समोरासमोरच्या बाजूंना जोडणारी आडवी पट्टी, आणि वायर बाहेर येते त्या भोकालाही सील. पावसाळ्यात ओल धरणारा पार्टिकल बोर्ड इथे नको. आंबूस वासाचं सिलिकॉन वापरलं तर ते पूर्ण सुकेपर्यंत वूफर बसवू नये, त्याची वाफ कोंडलेल्या पेटीत तांब्याला आणि गोंदाला त्रास देते. सगळं झाल्यावर कोन दोन्ही हातांनी सावकाश आत दाबून सोडावा. तो रमतगमत परत आला तर पेटी बंद आहे, झटकन आला तर कुठेतरी फट आहे.

पेटीत उशीत भरतात तसा पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरावा. त्यामागची गोष्ट मला फार आवडते. न्यूटन यांनी आवाजाचा वेग गणिताने काढताना हवा दाबली गेली तरी तिचं तापमान बदलत नाही असं धरलं आणि उत्तर कमी आलं. आवाजाच्या लाटेत दाबलेली हवा तापते आणि त्यामुळे अधिक ताठ होते, ही दुरुस्ती लाप्लास यांनी १८१६ मध्ये केली. पेटीतला कापूस ही उष्णता शोषून घेतो आणि हवेला काही अंशी न्यूटन यांच्या गृहीतकाकडे परत नेतो. हवा मऊ होते, पेटी प्रत्यक्षाहून दहा-पंधरा टक्के मोठी असल्यासारखी वागते. सुताराने पेटी थोडी लहान केली असेल तर हा उपाय तिथेच कामी येतो.

राहिला शेजारी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्याहून पाच डेसिबलांपेक्षा जास्त चढता कामा नये. पण ही मोजणी कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे केलेली असते, आणि त्या पद्धतीत ३० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे ४० डेसिबलने कमी मोजला जातो. मीटर शांत आणि शेजारच्या आजींची झोप मोडलेली, असं सहज होऊ शकतं. नियमात बसतो म्हणून आवाज चालेल असं समजणं म्हणूनच पुरेसं नाही. बंद पेटी भिंतीपलीकडे कमी जाते असा दावा मी करणार नाही. तेवढ्याच दाबाला दोन्ही पेट्या भिंत तेवढीच हलवतात. फरक पडतो तो एकाच स्वरावर साठणारा जोर कमी केल्याने, आणि तिथे लहान पेटीचा खरा फायदा आहे. हरमन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये दाखवलं की समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मधोमध एकेक सब-वूफर ठेवला तर त्या दिशेचा पहिला अनुनाद उठतच नाही आणि खोलीभर खर्ज सारखा पसरतो. १२५ लिटरच्या दोन पेट्या दहा बाय बाराच्या खोलीत ठेवायला कोणी घरात परवानगी देणार नाही. सोळा इंची दोन ठोकळे बारा फुटांच्या दोन टोकांना, एक टीव्हीखाली आणि एक सोफ्यामागे, बसतात. ४७ हर्ट्झची घूं निघून जाते, आवाजाची कळ दोन-तीन घरं खाली आणली तरी संवाद आणि हादरे दोन्ही पोचतात. म्हणून पैसे साठवायचे असतील तर मोठ्या वूफरसाठी न साठवता पहिल्यासारख्याच दुसऱ्या पेटीसाठी साठवावेत, आणि सुताराकडून प्लायचं अख्खं शीट कापून घेतानाच दोन्हींचे तुकडे एकदम काढून ठेवावेत.